क्लस्टरमधील सुरक्षित लॉगिन : बाहेरचे दार आणि आतली ये-जा

क्लस्टर म्हणजे वेगवान जाळ्याने एकमेकांना जोडलेले आणि एकाच मोठ्या गणनेसाठी राबणारे अनेक स्वतंत्र संगणक. यातल्या प्रत्येक संगणकाला नोड म्हणतात. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात सहज मिळणाऱ्या भागांचे १६ संगणक इथरनेटने जोडून ‘बेवुल्फ’ ही यंत्रणा उभी केली. तिच्यानंतर ही रचना विद्यापीठांपासून कारखान्यांपर्यंत सगळीकडे रुजली. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये बांधलेला ‘परम ८०००’ही अनेक प्रोसेसर एकत्र राबवण्याच्या कल्पनेवरच उभा होता. आज त्याच शहरात आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आहे. अशा यंत्रांवर काम करणारी माणसे यंत्राच्या खोलीत बसत नाहीत. ती आपल्या प्रयोगशाळेतून, वसतिगृहातून किंवा दुसऱ्या शहरातून लॉगिन करतात. त्यामुळे क्लस्टरची सुरक्षा हा प्रश्न प्रामुख्याने लॉगिनच्या व्यवस्थेचा असतो.

साधारण क्लस्टरमध्ये एक-दोन लॉगिन नोड असतात आणि वापरकर्ता बाहेरून येतो तो फक्त त्यांच्यावर. त्यांच्यामागे खासगी जाळ्यात दहा, शंभर किंवा हजारो कॉम्प्यूट नोड असतात. सर्वांच्या होम डिरेक्टरी सांभाळणारा स्टोरेज सर्व्हर आणि प्रशासकाचा व्यवस्थापन नोडही तिथेच असतात. म्हणजे लॉगिन दोन तऱ्हेचे झाले : बाहेरच्या जगातून लॉगिन नोडवर आणि आतल्या आत एका नोडवरून दुसऱ्यावर. पहिल्या तऱ्हेत समोर माणूस असतो. त्याला ओळख विचारता येते, दोनदा विचारता येते. दुसऱ्या तऱ्हेत बहुधा प्रोग्राम असतो. रात्री दोन वाजता ६४ नोडांवर एकदम सुरू होणाऱ्या कामाला पासवर्ड विचारला तर उत्तर द्यायला तिथे कोणी नसते. दोन्हींसाठी साधन एकच, ते म्हणजे कूटबद्ध जोडणीवरून दूरच्या यंत्रावर लॉगिन करू देणारे एसएसएच. मांडणी मात्र वेगवेगळी करावी लागते. आतल्या सोयीसाठी दिलेली सूट बाहेरच्या दारावर लागू पडली, तर सगळा क्लस्टर एका चोरीच्या अंतरावर येतो.

एसएसएचच्या आधी हे काम टेलनेट, आर-लॉगिन आणि आर-शेल या प्रोग्रामांवर चाले. टेलनेटमध्ये पासवर्डसह प्रत्येक अक्षर जाळ्यावरून उघडे जाई. १९८३ च्या बीएसडी युनिक्समधून पसरलेल्या आर-शेलमध्ये पासवर्डचीही गरज नसे. समोरच्या यंत्राचा पत्ता विश्वासू यादीत आहे आणि जोडणी १०२४ च्या खालच्या पोर्टवरून आली आहे, एवढे पुरे. तो खालचा पोर्ट फक्त रूट, म्हणजे यंत्राचे सर्वाधिकारी खाते, वापरू शकतो आणि प्रत्येक यंत्राचा रूट हा भरवशाचा प्रशासक असतो, असे त्यात गृहीत धरलेले होते. कोणीही स्वतःचा संगणक जाळ्याला जोडून त्यावर रूट होऊ लागला तेव्हा हे गृहीतक कोसळले. तरीही क्लस्टरच्या आतल्या खासगी जाळ्यात आर-शेल बरीच वर्षे टिकून होता, कारण तो वेगवान आणि विनातक्रार चाले.

१९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात पासवर्ड टिपणारा प्रोग्राम बसवलेला आढळला. तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी त्यानंतर एसएसएचची पहिली आवृत्ती लिहिली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ती सर्वांना खुली केली. एफटीपीचा पोर्ट २१ आणि टेलनेटचा २३. दोहोंमधला २२ मोकळा होता, तो त्यांनी मागून घेतला. डिसेंबर १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या २.६ या आवृत्तीबरोबर ओपनएसएसएच आले आणि आज जवळपास प्रत्येक लिनक्स क्लस्टरवर तेच चालते. पहिल्या आवृत्तीच्या प्रोटोकॉलमध्ये मूलभूत उणिवा होत्या. दुसरी आवृत्ती २००६ मध्ये इंटरनेटच्या मानकांत नोंदली गेली, आणि वापरण्याजोगी आवृत्ती हीच.

एसएसएचची जोडणी जुळताना काय घडते हे समजले, की पुढची सगळी मांडणी आपोआप अर्थपूर्ण होते. आधी दोन्ही बाजू आपापली आवृत्ती आणि आपल्याला येणाऱ्या कूटलेखन-पद्धती सांगतात. मग व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर दोघे मिळून एक गुपित तयार करतात. हे गुपित जाळ्यावरून कधीच जात नाही, त्यामुळे मधे बसून ऐकणाऱ्याला ते कळत नाही. पण ऐकणारा नुसता ऐकत न बसता स्वतःच सर्व्हर असल्याचे सोंग घेऊ शकतो. म्हणून सर्व्हर आपल्या खासगी यजमान-किल्लीने या देवाणघेवाणीवर सही करतो, आणि क्लायंट ती सही आपल्याकडे नोंदलेल्या सार्वजनिक किल्लीशी ताडून पाहतो. इथून पुढे सगळी वाहतूक कूटबद्ध होते आणि मगच वापरकर्त्याची ओळख तपासली जाते. म्हणजे आधी यंत्राची ओळख पटते, नंतर माणसाची. घाईत बसवलेल्या क्लस्टरांत यातल्या पहिल्या अर्ध्या भागाकडेच दुर्लक्ष झालेले दिसते.

यजमान-किल्ल्या प्रत्येक नोडवर एसएसएच सर्व्हर प्रथम बसवताना तयार होतात. एका यंत्राच्या बाबतीत हे सरळ असते. क्लायंट पहिल्यांदा जोडला जाताना किल्लीचा ठसा दाखवतो, वापरकर्ता ‘होय’ म्हणतो आणि ती ‘नोन-होस्ट्स’ या फाइलमध्ये नोंदली जाते. शंभर नोडांच्या क्लस्टरमध्ये प्रत्येक वापरकर्त्याने शंभर वेळा ‘होय’ म्हणायचे, तेही ठसा न पाहता, यात सुरक्षा काहीच नाही. शिवाय एमपीआयचे, म्हणजे अनेक नोडांवर एकदम चालून आपसांत संदेश पाठवणाऱ्या प्रोग्रामाचे, काम एखाद्या नवीन नोडवर जाते तेव्हा हा प्रश्न वाचायलाही कोणी नसते आणि काम तिथेच अडते. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे यजमान-किल्लीची तपासणीच बंद करणे. तो करू नये. तपासणी बंद केली की दुसऱ्या यंत्राचे सोंग ओळखण्याचे एकमेव साधन हातचे जाते.

योग्य वाट अशी, की प्रशासकाने सर्व नोडांच्या सार्वजनिक यजमान-किल्ल्या एकदा, भरवशाच्या जोडणीवरून गोळा कराव्यात आणि त्यांची एकच सामाईक यादी प्रत्येक नोडवर ठेवावी. गोळा करण्यासाठी ओपनएसएसएचबरोबरच ‘एसएसएच-कीस्कॅन’ हे साधन येते. नोडचे लहान नाव, पूर्ण नाव आणि आयपी पत्ता हे तिन्ही एकाच ओळीत लिहावे लागतात, कारण वापरकर्ता कोणत्याही नावाने हाक मारू शकतो. इन्फिनिबँड आणि इथरनेट अशी दोन जाळी असतील, तर नोडला दोन नावे असतात आणि दोन्ही यादीत यावी लागतात. हे राहून गेले की काही जोडण्या बिनबोभाट जुळतात आणि काही विनाकारण नाकारल्या जातात. शोध घेताना पुष्कळ वेळ जातो.

डिस्क नसलेल्या नोडांची गोष्ट आणखी वेगळी. ते प्रत्येक वेळी जाळ्यावरून एक तयार प्रतिमा घेऊन सुरू होतात. प्रतिमेत यजमान-किल्ली नसेल तर नोड दर वेळी नवी किल्ली बनवतो, आणि पुन्हा सुरू झाल्यावर यजमानाची ओळख बदलल्याचा मोठा इशारा वापरकर्त्याच्या पडद्यावर येतो. असे इशारे रोज येऊ लागले की लोक ते वाचणे सोडून देतात, आणि खरा हल्ला झाला तरी कोणाचे लक्ष जात नाही. प्रतिमेत एकच किल्ली घातली तर इशारे थांबतात. पण मग सर्व नोडांची ओळख एकच होते आणि एका नोडवरची चोरी सगळ्यांची ठरते. सारखे नोड, बंद जाळे आणि थोडे वापरकर्ते असतील तिथे ही तडजोड चालू शकते. लॉगिन नोडची किल्ली मात्र त्या प्रतिमेत कधीही नसावी.

मोठ्या क्लस्टरसाठी याहून नेटका मार्ग प्रमाणपत्रांचा. ओपनएसएसएचमध्ये २०१० पासून ही सोय आहे. प्रशासक एक स्वतंत्र प्रमाणक-किल्ली बनवतो आणि तिने प्रत्येक नोडच्या यजमान-किल्लीवर सही करतो. नोन-होस्ट्समध्ये मग शंभर ओळींऐवजी एकच ओळ राहते : या प्रमाणकाची सही असलेल्या, या नावाच्या यंत्रांवर विश्वास ठेवावा. नवा नोड आला की त्याच्या किल्लीवर सही करणे एवढेच काम उरते, बाकी कुठेही हात लावावा लागत नाही. प्रमाणपत्राला मुदत घालता येते. ही प्रमाणक-किल्ली क्लस्टरच्या कोणत्याही नोडवर न ठेवता वेगळ्या, शक्यतो जाळ्यापासून तुटलेल्या यंत्रावर ठेवावी.

आता वापरकर्त्याच्या किल्लीकडे. ‘एसएसएच-कीजेन’ हा प्रोग्राम किल्ल्यांची जोडी बनवतो. खासगी किल्ली वापरकर्त्याच्या संगणकावर राहते, सार्वजनिक किल्ली सर्व्हरवरच्या ‘ऑथराइज्ड-कीज’ फाइलमध्ये जाते. लॉगिनच्या वेळी क्लायंट त्या जोडणीपुरत्या विशिष्ट मजकुरावर खासगी किल्लीने सही करतो आणि सर्व्हर सार्वजनिक किल्लीने ती पडताळतो. पासवर्डप्रमाणे गुपित सर्व्हरच्या हाती जात नाही, हा यातला मोठा फायदा. सर्व्हर भ्रष्ट झालेला असला तरी त्याला खासगी किल्ली मिळत नाही. प्रकार निवडताना एड२५५१९ घ्यावा. त्याची सार्वजनिक किल्ली जेमतेम ३२ बाइटची असते, सही झटपट होते आणि ओपनएसएसएचमध्ये तो २०१४ पासून आहे. जुन्या यंत्रणेसाठी आरएसए घ्यावाच लागला तर तो किमान ३०७२ बिटांचा असावा. डीएसए किल्ल्या आढळल्या तर काढून टाकाव्यात.

खासगी किल्लीला परवलीचे वाक्य लावले तर ती डिस्कवर कूटबद्ध राहते. लॅपटॉप चोरीला गेला किंवा बॅकअप दुसऱ्याच्या हाती लागला, तर हेच वाक्य वेळ मिळवून देते. परवलीचे वाक्य दर वेळी टंकायला नको म्हणून एसएसएच-एजंट असतो : वाक्य एकदा द्यायचे, उघडलेली किल्ली एजंट स्मृतीत धरून ठेवतो. वाक्य नसलेली किल्ली म्हणजे साधी फाइल. ज्याच्या हाती पडली त्याची झाली. सर्व्हरला मात्र किल्लीला वाक्य आहे की नाही हे कळण्याचा मार्ग नाही. म्हणजेच हा नियम प्रशासक लादू शकत नाही, फक्त शिकवू शकतो. बाहेरच्या दारावर किल्लीखेरीज दुसरी तपासणी हवी याचे सर्वांत बळकट कारण हेच आहे.

परवानग्यांची बाब छोटी आहे, पण नवख्यांचा सर्वाधिक वेळ तीच खाते. होम डिरेक्टरी किंवा तिच्यातली डॉट-एसएसएच डिरेक्टरी इतरांना लिहिता येण्याजोगी असेल, तर एसएसएच सर्व्हर ऑथराइज्ड-कीज फाइल वाचायलाच नकार देतो आणि वापरकर्त्याला केवळ ‘परवानगी नाही’ एवढेच दिसते. डिरेक्टरीला ७००, फाइलला ६०० आणि होम डिरेक्टरीवर गटाला लिहिण्याची मुभा नाही, इतके पाळले की हा त्रास संपतो. खरे कारण सर्व्हरच्या नोंदवहीत स्पष्ट लिहिलेले असते. अडचण आली की पहिली नजर तिथे टाकावी.

क्लस्टरमध्ये होम डिरेक्टरी बहुधा एनएफएस या जाळ्यावरच्या फाइल-व्यवस्थेतून सर्व नोडांना सामाईक असते. त्यामुळे आतल्या ये-जासाठी फार थोडे करावे लागते. वापरकर्त्याने एक जोडी बनवायची, तिची सार्वजनिक किल्ली आपल्याच ऑथराइज्ड-कीजमध्ये जोडायची. तीच फाइल प्रत्येक नोडला दिसत असल्याने सगळीकडे पासवर्डाविना जाता येते. एमपीआयच्या कामाला हेच हवे असते. ओपन-एमपीआयसारखी प्रणाली पहिल्या नोडवरून काहींवर जाते, त्या नोडांवरून पुढच्यांवर, अशी झाडासारखी पसरते; म्हणून कोणत्याही नोडवरून कोणत्याही नोडवर वाट मोकळी असावी लागते. अनेक क्लस्टरांमध्ये नवे खाते उघडताच ही जोडी परवलीच्या वाक्याविना आपोआप बनवली जाते.

धोका नेमका इथेच येतो. ऑथराइज्ड-कीजची ही सामाईक फाइल लॉगिन नोडलाही दिसते. म्हणजे आतल्या वापरासाठी बनवलेली, वाक्य नसलेली किल्ली कोणी बाहेर नेली, तर ती जगातून कुठूनही लॉगिन नोड उघडेल. यावर उपाय सोपा असून फार थोड्या ठिकाणी केलेला दिसतो. ऑथराइज्ड-कीजमध्ये किल्लीच्या आधी ‘फ्रॉम’ हा शब्द लिहून ती कोणत्या पत्त्यांवरून स्वीकारायची हे ठरवता येते. आतल्या किल्लीला क्लस्टरच्या खासगी जाळ्याची हद्द घातली, की ती बाहेर निरुपयोगी ठरते. ‘रिस्ट्रिक्ट’ हा शब्द लावला तर पोर्ट पुढे नेणे, एजंट पुढे नेणे अशा जादा सवलतीही बंद होतात. बाहेरून येण्याची किल्ली आणि आत फिरण्याची किल्ली या दोन वेगळ्या जोड्या असल्या पाहिजेत, आणि बाहेरची खासगी किल्ली क्लस्टरवर कधीही ठेवता कामा नये.

सामाईक होम डिरेक्टरीची दुसरी अडचण याहून खोल आहे. साध्या एनएफएसमध्ये स्टोरेज सर्व्हर नोडने सांगितलेल्या वापरकर्ता-क्रमांकावर विश्वास ठेवतो. रूटचे अधिकार कापलेले असले तरी एखाद्या कॉम्प्यूट नोडवर रूट झालेला घुसखोर कोणत्याही वापरकर्त्याचा क्रमांक धारण करून त्याच्या ऑथराइज्ड-कीजमध्ये स्वतःची किल्ली घालू शकतो. मग लॉगिन नोडही त्याला उघडा. म्हणून लॉगिन नोडवर तरी या किल्ल्या होम डिरेक्टरीत न ठेवता स्थानिक डिस्कवर रूटच्या ताब्यातल्या डिरेक्टरीत ठेवणे, किंवा ‘ऑथराइज्ड-कीज-कमांड’ या सोयीने एलडॅपसारख्या केंद्रीय निर्देशिकेतून घेणे श्रेयस्कर. तिकिटांवरून ओळख पटवणारी केर्बेरॉस पद्धत लावलेल्या एनएफएसमध्ये उलटी अडचण येते : लॉगिन होईपर्यंत वापरकर्त्याचे तिकीट नसते, म्हणून सर्व्हरला त्याची होम डिरेक्टरी वाचताच येत नाही. तिथेही किल्ल्या बाहेर ठेवण्याचीच वाट घ्यावी लागते.

वापरकर्त्यांना किल्ल्यांच्या भानगडीत न पाडता आतली ये-जा सुरू करण्याचा आणखी एक मार्ग यजमानाच्या ओळखीवर चालतो. यात वापरकर्ता सही करत नाही; ज्या नोडवरून तो निघाला तो नोड आपल्या यजमान-किल्लीने ‘हा माझ्याकडचा अमुक वापरकर्ता आहे’ अशी ग्वाही देतो. कल्पना जुन्या आर-शेलचीच, पण पत्त्याऐवजी सहीवर उभी. यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात : सर्व्हरच्या मांडणीत ही पद्धत चालू करणे, विश्वासू नोडांची यादी ‘एसहोस्ट्स-इक्विव्ह’ फाइलमध्ये असणे, त्यांच्या सार्वजनिक किल्ल्या सामाईक नोन-होस्ट्समध्ये असणे आणि क्लायंटच्या बाजूला ‘एसएसएच-कीसाइन’ या साहाय्यक प्रोग्रामला परवानगी असणे. नावे आणि पत्ते दोन्ही दिशांनी अचूक उलगडले नाहीत तर ही पद्धत निमूट अपयशी ठरते. तिचा लाभ असा, की क्लस्टरवर कोणाचीही खासगी किल्ली पडून राहत नाही. तोटा असा, की एका नोडवर रूट झालेला कोणाचेही नाव सांगू शकतो. म्हणून ती फक्त कॉम्प्यूट नोडांमध्येच चालू ठेवावी. लॉगिन किंवा व्यवस्थापन नोडने अशी ग्वाही मानू नये.

कॉम्प्यूट नोडवर मुळात कोणाला जाऊ द्यायचे हा वेगळा प्रश्न. कामांचे वाटप स्लर्मसारखा वाटपकार करतो. वापरकर्ता एसएसएचने थेट नोडवर जाऊन प्रोग्राम सुरू करू लागला, तर रांगेचा नियम मोडतो आणि दुसऱ्याच्या गणनेचा वेग घसरतो. यासाठी स्लर्मचे ‘पॅम-स्लर्म-ॲडॉप्ट’ हे मॉड्यूल बसवतात. ज्याचे काम त्या नोडवर चालू आहे त्यालाच ते आत घेते आणि त्याची एसएसएचमधली प्रत्येक प्रक्रिया त्या कामाच्याच स्मृती-प्रोसेसरच्या मर्यादेत बसवते. काम संपले की त्या प्रक्रियाही संपतात. सुरक्षेलाही याचा हातभार लागतो, कारण चोरलेल्या खात्याने सगळ्या नोडांवर भटकणे अवघड होते. स्लर्मची स्वतःची ‘एसरन’ आज्ञा वापरली तर एमपीआयला नोडांमध्ये एसएसएचची गरजच राहत नाही. ज्या क्लस्टरवर हे शक्य आहे तिथे आतली पासवर्डविरहित वाट बंद करावी. जी वाट नाही तिची राखण करावी लागत नाही.

एसएसएच एमपीआयचे काम फक्त सुरू करून देते, हेही ध्यानात असावे. गणनेदरम्यान नोडांमध्ये जाणारी माहिती इन्फिनिबँडवरून, कूटलेखनाशिवाय जाते. कूटलेखनाचा भार तिथे परवडत नाही. म्हणून आतले जाळे बाहेरच्या जाळ्यापासून पूर्ण वेगळे ठेवणे हा लॉगिनच्या सुरक्षेचाच भाग ठरतो.

बाहेरच्या दारावर उलट कडकपणा हवा. रूटने थेट लॉगिन करणे बंद असावे. प्रशासकाने आपल्या नावाने यावे आणि मग अधिकार वाढवावे, म्हणजे कोणी काय केले याची नोंद राहते. पासवर्डने लॉगिन शक्यतो बंद करावे, कारण इंटरनेटवर उघडा असलेला पोर्ट २२ पासवर्डांचा अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामांना सतत तोंड देत असतो. फेल-टू-बॅनसारखे साधन वारंवार चुकणारे पत्ते काही काळ अडवते. त्याने मुख्यतः नोंदवहीतली गर्दी कमी होते. त्यावर विसंबून पासवर्ड चालू ठेवू नये. किल्लीच्या जोडीला दुसरा घटक म्हणून फोनवरचा दर ३० सेकंदांनी बदलणारा अंक घेता येतो. त्यासाठी सर्व्हरचे घड्याळ अचूक चालले पाहिजे, म्हणजेच वेळ जुळवत राहणारे एनटीपी हवे. ओपनएसएसएचमध्ये २०२० पासून फिडो प्रकारच्या हार्डवेअर किल्ल्याही चालतात. त्यांच्यात खासगी भाग उपकरणाबाहेर येतच नाही आणि सही करण्यासाठी बोटाने स्पर्श करावा लागतो, त्यामुळे फाइल चोरून काही साधत नाही. ओळख पटायची बाकी असलेल्या एकाच वेळच्या जोडण्यांवर सर्व्हरची मर्यादा असते. ती मुळात दहानंतर काही जोडण्या टाकू लागते. कार्यशाळेत चाळीस विद्यार्थी एकदम लॉगिन करतात तेव्हा काहींना कारण न कळता नकार मिळतो तो याच मर्यादेमुळे. तेवढी ती वाढवावी.

लॉगिन नोडवरून पुढे जाण्यासाठी पुष्कळ जण एजंट पुढे नेण्याची सवलत वापरतात. तिच्यात मधल्या नोडवरचा रूट त्या काळात वापरकर्त्याच्या एजंटकडून हवी तेवढी सही करवून घेऊ शकतो. ‘प्रॉक्सी-जंप’ ही २०१६ मध्ये आलेली सोय तेच काम सुरक्षितपणे करते : मधला नोड फक्त बंद पाकिटे पुढे सरकवतो, ओळख थेट शेवटच्या नोडशी पटते.

चोरलेल्या किल्ल्यांनी किती लांब जाता येते हे मे २०२० मध्ये युरोपने पाहिले. ११ मे रोजी एडिनबरो विद्यापीठातील ‘आर्चर’ हा ब्रिटनचा राष्ट्रीय महासंगणक लॉगिन नोडांवरच्या घुसखोरीमुळे बंद करावा लागला. त्याच आठवड्यात जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्गमधील क्लस्टर, म्युनिकजवळचे लायबनिट्झ केंद्र, युलिशचे केंद्र आणि स्वित्झर्लंडचे राष्ट्रीय केंद्र यांनीही प्रवेश थांबवला. एका केंद्रातून मिळालेल्या एसएसएच ओळखी दुसऱ्यावर चालत गेल्या, कारण संशोधक तेच आणि त्यांच्या किल्ल्याही त्याच. काही नोडांवर ‘मोनेरो’ हे आभासी चलन काढण्याचे काम लावलेले आढळले. आर्चरच्या सर्व वापरकर्त्यांना पासवर्ड आणि किल्ल्या नव्याने बनवाव्या लागल्या. त्याआधी २००४ मध्ये अमेरिकेतल्या ‘टेराग्रिड’ या महासंगणकांच्या जाळ्यावरही असेच झाले होते. भ्रष्ट केलेला एसएसएच प्रोग्राम पासवर्ड टिपून ठेवी आणि घुसखोर त्या आधारे पुढच्या यंत्रावर उडी घेई. पुढचे यंत्र कोणते हे त्याला नोन-होस्ट्स फाइल सांगे; म्हणूनच त्या फाइलमधली नावे वाचता येणार नाहीत अशा रूपात ठेवण्याची सोय २००५ मध्ये ओपनएसएसएचमध्ये आली.

प्रोग्रामच सदोष असेल तर उत्तम मांडणीही तोकडी पडते. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाच्या ओपनएसएसएल या कूटलेखन-संचात एका बदलाने यदृच्छतेचा जवळजवळ सगळा स्रोत कापला गेला. एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्या सुमारे ३२ हजारच शक्य उरल्या. हे मे २००८ मध्ये उघड झाले, आणि त्या काळात बनलेल्या सगळ्या किल्ल्या, कुठेही नेलेल्या असल्या तरी, फेकाव्या लागल्या. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद उशीर होतो असे जाणवले. त्याने मुळापर्यंत जाऊन ‘एक्सझेड’ या संकोचन-संचात लपवलेला चोरदरवाजा शोधला. त्याच वर्षी जुलैमध्ये लॉगिनच्या वेळ-मर्यादेशी निगडित असा ओपनएसएसएचचाही एक गंभीर दोष जाहीर झाला. क्लस्टरवर अशी दुरुस्ती लॉगिन नोडवर केली आणि कॉम्प्यूट नोडांच्या प्रतिमेत करायची राहिली, तर पुढच्या वेळी नोड सुरू होताच जुना दोष परत येतो. दुरुस्ती प्रतिमेतच करावी आणि नोड तिच्यावरून पुन्हा सुरू करावेत.

मांडणी बदलताना क्रम सांभाळावा लागतो. चुकीच्या एका ओळीने सर्व्हर सुरू होत नाही आणि प्रशासकच बाहेर राहतो. आधी ‘एसएसएचडी’ला चाचणी-पर्यायाने चालवून फाइल तपासावी. एक जोडणी उघडी ठेवून सर्व्हरला नवी मांडणी वाचायला लावावी आणि दुसऱ्या खिडकीतून नवे लॉगिन जमते का ते पाहावे. उघडी असलेली जोडणी यात तुटत नाही. एका कॉम्प्यूट नोडवर खात्री झाल्यावरच पीडीएसएच किंवा ॲन्सिबल अशा अनेक नोडांवर एकदम आज्ञा चालवणाऱ्या साधनाने बाकीच्यांवर पाठवावे. सगळे चुकलेच तर नोडच्या आयपीएमआय या एसएसएचवर न विसंबणाऱ्या व्यवस्थापन-कन्सोलवरून आत जाता येते, म्हणून त्याचे जाळे आणि पासवर्ड स्वतंत्र हवेत. सर्व नोडांच्या लॉगिन-नोंदी वेगळ्या यंत्रावर तत्काळ पाठवाव्यात. घुसखोर सर्वप्रथम स्थानिक नोंदीच पुसतो. प्रत्येक नोंदीत वापरलेल्या किल्लीचा ठसा असतो, त्यावरून एकच किल्ली दोन देशांतून चालते आहे का हे दिसते.

संशोधक संस्था सोडून जातो तेव्हा त्याचा प्रवेश काढणे हे उरलेले काम. केवळ पासवर्ड बंद केल्याने किल्ली बंद होत नाही. खाते पूर्ण कुलूपबंद करून त्याची मुदतही संपवावी लागते. चालू असलेल्या जोडण्या, वेळापत्रकावर लावलेली कामे आणि इतरांच्या ऑथराइज्ड-कीजमध्ये मदतीसाठी म्हणून घातलेली त्याची किल्ली हेही शोधावे लागते. ठसा माहीत असेल तर सगळ्या होम डिरेक्टरींमधून तो शोधता येतो. तोवर ती किल्ली रद्द-किल्ल्यांच्या यादीत टाकली, आणि ती यादी सर्व नोडांच्या मांडणीत नोंदलेली असली, की ती कुठे राहून गेली असली तरी कोणताही नोड तिला मानत नाही. वापरकर्त्यांनाही काही तासांच्या मुदतीची प्रमाणपत्रे देणाऱ्या केंद्रांत हे काम हलके होते, कारण जुने प्रमाणपत्र त्याच दिवशी आपोआप संपते आणि नवे मिळवण्यासाठी संस्थेचे चालू खाते लागते.